तिरोडीचा कोरा रकाना

काल बालाघाटला आमच्या समाजशास्त्राच्या बाईंची शोकसभा झाली. एक वक्ते म्हणाले, "घर सांभाळून त्या थोडंफार शिकवायच्या." माझं डोकंच फिरलं, आणि तिरोडीची ती दुपार आठवली.

खाणीजवळच्या वस्तीत बाईंनी आम्हा विद्यार्थ्यांना पाहणीला नेलं होतं. बाजेवर पडलेल्या एका माणसाला मी विचारलं, "तुमची बायको काय काम करते?"

"काहीच नाही. घरीच राह्यते."

मी पाहणीच्या कागदावरचा कामाचा रकाना कोरा सोडला. बायको समोरच उभी होती, मँगनीजच्या धुळीनं कोपरापर्यंत काळी. बाईंनी कागद ओढून घेतला. "डोळ्यांना दिसतंय ते का लिहीत नाहीस?" मग तिच्याकडे वळल्या, "तुम्हीच सांगा."

"पाणी भरलं, सैपाक केला, मंग खाणीवर गेलती. आता लाकडाले जाईन."

रकाना पुरेना. सगळ्यांसमोर बोलणी बसली म्हणून मी दिवसभर फुगून होते. आता राग येतो तो माझ्या त्या कोऱ्या रकान्याचा.

काल मी उठून माइक घेतला. बाई कुठे कुठे पायी फिरल्या, ते गावांच्या नावांनिशी सांगू लागले. आयोजक पुटपुटले, "मॅडम, टाइम हो गया."

"बसा हो," मी म्हणाले, "अजून अख्खी बैहर तहसील बाकी आहे."