वाऱ्याच्या वाटेवरची पाटी

वाऱ्याला वाट करून देणं ही माणसाची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात शहाणी कला आहे. भिंतीला झरोका, चुलीला धुराडं, बासरीला भोक. मोटारीच्या बंपरमधली दोन भोकंही मी याच ओळीत बसवतो. माझं हे मत घरात कुणी मनावर घेत नाही, कारण वाळूजच्या कारखान्यात मी ब्रेक तापवायची नोकरी करतो.

तापवायची म्हणजे तपासायची. ब्रेकची डिस्क मोटरवर गरगर फिरवायची, पॅडनं आवळून थांबवायची, लगेच पुन्हा फिरवायची. समोरून एका जाड नळीतून पंख्याचा वारा सोडलेला असतो. पळत्या गाडीत पुढून जो वारा लागतो त्याची ही नक्कल. वारा चालू असेल तर डिस्क तापते आणि निवते. पंखा बंद केला की थोड्याच वेळात ती लाल दिसायला लागते, आणि मग एक कडवट वास येतो. तो वास एकोणीस वर्षं माझ्या शर्टांना येतोय. ब्रेक ऑइल उकळलं की पेडल दाबून काही उपयोग नसतो, हेही मी एकोणीस वर्षं कागदावर लिहून देतोय.

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं, म्हणजे दाजींनी, पुण्याहून एक जुनी सेडान आणली. पळायच्या जातीची गाडी. बंपरच्या दोन्ही खालच्या कोपऱ्यांत तळहातापेक्षा मोठं एकेक भोक, आणि आतून प्लॅस्टिकची नळी थेट चाकापर्यंत गेलेली. मी ओणवा होऊन बॅटरीच्या उजेडात ती नळी बघितली. कुणीतरी फार विचार करून केलेलं काम होतं. मला त्या अनोळखी माणसाबद्दल आदर वाटला.

पुढच्या वेळी गाडी बघितली तेव्हा दोन्ही भोकं नव्हती. तिथं लाल ॲक्रिलिकच्या पाट्या होत्या, भोकाच्या आकाराला बरोबर कापून, कडेनं सिलिकॉन भरून बसवलेल्या. डाव्या पाटीवर ‘उपाध्यक्ष’, उजवीवर समितीचं नाव. दाजींची आदल्या वर्षी तालुक्याच्या एका सल्लागार समितीवर नेमणूक झाली होती. ती कुणाला कसला सल्ला देते हे मला आजही माहीत नाही.

“रेडियमवाला काय म्हणला माहितीय का?” दाजींनी मला ऐकवलं. “म्हणला, साब, कंपनी खाली जगा कायकू छोडती? नामके वास्तेच ना!”

म्हणजे कुठल्यातरी दूरच्या देशातल्या इंजिनिअरांनी वर्षानुवर्षं बोगद्यात वारा सोडून, मापं घेऊन ती जागा ठरवली, ती आमच्या दाजींचं पद मावावं म्हणून. रेडियमवाल्याला मी दोष देत नाही. त्याच्याकडं येणाऱ्या प्रत्येक गाडीवर कुणाचं तरी पद बसवायचं असतं. त्याला सगळ्या गाड्या तशाच दिसणार.

मी म्हणालो, “दाजी, ही ब्रेकला वारा जायची वाट आहे. पाट्या काढा.”

“पाव्हणं, ब्रेकला काय उकडतंय व्हय? कूलर लावू का त्याला?”

सगळे हसले. मीही थोडा हसलो, याचा मला राग आहे.

“निदान एका बाजूची तरी काढा.”

“एक काढली तर गाडी काणी दिसती ना.”

घरी आल्यावर आई मला म्हणाली, “पोरीच्या घरचं हाय. जावयाला उलटून बोलू नाय.” आई सत्तरीची आहे आणि तिनं हा नियम आयुष्यभर पाळलाय. आपण मुलीकडचे. मुलीकडच्यांना डिस्क, पॅड, ऑइल यातलं काही कळत असलं तरी कळू द्यायचं नसतं.

मे महिन्यातल्या एका रविवारी दाजींनी आम्हाला म्हैसमाळला नेलं. मान म्हणून आई पुढं, ताई आणि मी मागं. चढताना सगळं ठीक होतं. चढताना ब्रेकला कोण विचारतं? उतरताना मात्र दाजींना गाडी दाखवायची होती. सरळ रस्त्यावर जोरात सोडायची, वळण आलं की पाय गच्च दाबायचा. पुन्हा सोडायची, पुन्हा दाबायचा. माझ्या टेस्ट बेंचवर याच क्रमाला ‘कठोर चाचणी’ म्हणतात. फक्त तिथं समोर आई बसलेली नसते.

चौथ्या वळणावर वास आला.

“कुणीतरी बांध पेटवलाय,” दाजी म्हणाले.

“ब्रेक आहे तो. गाडी बाजूला घ्या.”

“घाटात थांबत नसतेत. खाली गेल्यावर बघू.”

मी आणखी बोलणार होतो, तेवढ्यात आईनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. जावयाला बोलू नाय. आणि मी गप्प बसलो. ज्या एका वासाबद्दल या जिल्ह्यात माझ्याइतकं कळणारी माणसं फार नसतील, तो वास नाकात असताना मी मान खाली घालून बसलो. दाजींचा राग येतोच. पण त्या दोन वळणांपुरता मला माझा जास्त येतो.

मग दाजी बारीक आवाजात म्हणाले, “पेडल खालीच चाललंय.”

“गिअर कमी करा! स्टिअरिंगच्या मागची डावी पट्टी ओढा!”

त्यांनी वायपर चालू केले.

रस्त्याच्या कामासाठी कडेला मुरूम टाकलेला होता. त्या ढिगात गाडी शिरली आणि थांबली. एअरबॅग उघडण्याइतका वेगही उरला नव्हता. पण आईनं घाबरून उजवा हात डॅशबोर्डला लावला होता, आणि मनगटाचं हाड मोडलं ते तिथं. ती ओरडली नाही. तिनं हात पदरात घेतला आणि म्हणाली, “पोरं बरी हायेत का?” पोरं म्हणजे आम्ही, पन्नाशीची.

दाजी उतरून पुढं गेले. मला वाटलं चाक बघतायत. चाकातून धूर येत होता. ते मुरूम हातानं बाजूला करत होते. “डावी पाटी तडकली,” म्हणाले.

आईच्या हाताला प्लास्टर लागलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दाजी सांगत, “कंपनीचा फॉल्ट. सोडणार नाय मी.” आणि खरंच एक दिवस ते कंपनीच्या नावे तक्रार टाइप करून घेऊन आले. समितीच्या लेटरहेडवर. “तुम्ही ब्रेकमधले जाणते. खाली सही ठोका.”

आई म्हणाली, “कर रे.”

मी सही केली, आणि सहीच्या वर लिहिलं, ‘वाऱ्याच्या दोन्ही वाटा गाडीमालकाने पाट्या लावून बंद केल्या होत्या.’ दाजींनी वाचलं. कागदाचे चार तुकडे केले. “मेव्हणा म्हणून सोडतो,” म्हणाले. “उद्या दुसरं लेटरहेड आणतो.”

ताई आईचा अंबाडा बांधत होती, कारण आईला आता एका हातानं तो बांधता येत नाही. वर न बघता ताई म्हणाली, “आणू नका. समिती दिवाळीतच बरखास्त झालीय. पत्र तुमच्याच कपाटात हाय.”

गाडी दाजींनी संक्रांतीला घेतली होती आणि पाट्या त्यानंतरच्या आठवड्यात लावल्या होत्या.