पहिल्या ओळीचं तिकीट

आमचा शेजारी टोर्वाल्ड क्येरबेक कोपनहेगनच्या विमा कंपनीत चाळीस वर्षं चिन्हांच्या भाषेत प्रोग्रॅम लिहून निवृत्त झाला. ती भाषाच अशी, की अर्ध्या ओळीत अख्खा कारभार. दुसऱ्या कुणाचा दोन पानी प्रोग्रॅम दिसला की याला जांभया येतात. ‘चुकलो’ हा शब्द मात्र त्याच्या तोंडून कुणी ऐकलेला नाही. बायकोनं, गुड्रुननं, तर नाहीच नाही.

यंदा गावच्या गायनमंडळात गुड्रुनला एकोणीस वर्षांनी प्रथमच एकटीनं गायचं होतं. ती म्हणाली, “टोर्वाल्ड, ए ओळीत, अगदी मधे बस. तू दिसला नाहीस तर माझा आवाज फुटायचा नाही.”

तिकिटं छापायचं टोर्वाल्डनं अंगावर घेतलं. सभागृहात ए ते झेड सव्वीस ओळी. यंत्रात अक्षरं क्रमानं बसलेली असतात. ‘ए’च्या क्रमांकात शून्य ते पंचवीस मिळवले, की सगळी हजर. “एका दमात!” तो मला म्हणाला. पण या भाषेत मोजणी शून्यापासून की एकापासून, हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं, आणि टोर्वाल्ड जन्मभर एकापासून मोजत आलेला. यंत्रानं निमूटपणे एक ते सव्वीस मिळवले.

कार्यक्रमाच्या दुपारी मी दारावर तिकिटं बघायला होतो. एनेवोल्ड, आमच्याकडचा धिप्पाड डुक्करवाला, सगळं खटलं घेऊन आला.

“ही कुठली ओळ रे?”

तिकिटावर चौकोनी कंस! यंत्रात झेडनंतर तोच येतो.

“डुलकी लागली तर दिसू नये म्हणून शेवटची ओळ घेतली, तर तुम्ही मला भिंतीपलीकडे बसवताय!”

इकडे ए ओळ रिकामी. तिची तिकिटं छापलीच नव्हती. मी कंसवाल्यांना तिथे बसवलं. टोर्वाल्डनं स्वतःसाठी ठेवलेलं तिकीट बीचं निघालं. समोर एनेवोल्डची पाठ, म्हणजे कोठाराचं दारच.

पडद्याच्या फटीतून गुड्रुन कुजबुजली, “टोर्वाल्ड कुठाय?”

मी धावत गेलो. “अरे, तिकिटं चुकलीत, एनेवोल्डशी जागा बदल!”

“चूक नाहीये ती,” टोर्वाल्ड म्हणाला. “मोजायला कुठून लागायचं, याबद्दलचा मतभेद आहे.”

एनेवोल्ड वळला. “मतभेद असेल तर मी इथंच बरा. चूक असेल तर उठतो.”

पडदा हलला. टोर्वाल्डनं बुटांकडे पाहिलं. “चुकलो.”

“मोठ्यानं बोल, मला कमी ऐकू येतं.”

“चुकलो!”

अख्खं सभागृह वळून बघायला लागलं. एनेवोल्ड उठून मागे बसला आणि दुसऱ्या गाण्याला सुखानं झोपला. गुड्रुन मात्र अशी गायली, की तो दचकून जागा झाला.

नंतर कॉफी घेताना मी म्हटलं, “नवऱ्याला समोर पाहून धीर आला ना?”

“पाहून कसला!” गुड्रुन म्हणाली. “ऐकून.”