मुक्या बांगड्या

अक्का पहिल्या बाळंतपणाला पापनाशमहून माहेरी आली आणि सातव्यात तिचं वळैकाप्पू झालं. म्हणजे गर्भारशीला बांगड्या भरायच्या. सोहळा तमिळ शेजारणींचा, पण आम्ही तंजावरची मराठी माणसं तो कधीचाच आपला करून बसलो होतो. बांगड्या बाळ होईपर्यंत उतरवायच्या नाहीत. पोटातल्या जिवानं त्यांची किणकिण ऐकायची. अक्का चालली की ती कुठे आहे, ते घरभर कळायचं.

आठव्यात तो आवाज बंद झाला.

भर दुपारी विहिरीवर मी वळून बघते तर ही अगदी पाठीशी, गप्प उभी. "अगं बाई, जीव घेशील माझा!" मी ओरडले. ती हसली, तर चेहराच निराळा. गाल तट्ट, डोळे बारीक झालेले. बांगड्या मनगटात रुतून बसल्या होत्या. एकमेकींवर आपटायला त्यांना जागाच नव्हती.

आई मात्र खूश. "अंग धरलंय पोरीनं. अशी टक लावून बघू नकोस, दृष्ट लागेल."

"डोंबलाचं अंग! हात बघ तिचे," मी म्हणाले. मलाच गप्प बसवलं. अक्का डोकं दुखतं म्हणाली, तर आईनं तिच्या कपाळाला सुंठीचा लेप लावला. मग एका सकाळी जेवता जेवता अक्कानं विचारलं, "उन्हात एवढे दिवे कुणी गं लावले?" अंगणात काहीही नव्हतं. आईनं शुभशकुन समजून हात जोडले.

त्याच दुपारी अक्काला झटके आले. डॉक्टरीणबाई धावत आल्या, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. अक्का गेली. बाळही गेलं.

नंतर डॉक्टरीणबाईंनी आईला समजावलं. "पोटुशीच्या अंगात रक्त वाढतं, म्हणून शिरांनी सैल व्हायचं असतं. हिच्या आवळल्या. नदीला पाणी वाढावं आणि कालवे अरुंद व्हावेत, तसं. बांधावर जोर येतो आणि टोकाच्या शेताला पाणी पोचतच नाही." टोकाचं शेत म्हणजे बाळ. "हात सुजले तेव्हाच आणायचं होतं तिला." आई ऐकत राहिली. तिला रडूसुद्धा आलं नाही.

काही वर्षांनी मला दिवस गेले. रक्तदाब तपासायला आईच मला ओढून न्यायची. बांगड्या भरल्यावर रोज सकाळी समोर उभी राहून म्हणायची, "हात हलव." मी हलवायची. बांगड्या खणखणीत वाजायच्या.

"आता तू हलव गं," ती मग हळूच म्हणायची, आणि अक्का बसायची त्या रिकाम्या पाटाकडे कान देऊन उभी राहायची.

पहिल्यांदा मी चिडले. "आई, पुरे झालं!" पण तिचा चेहरा बघवेना. पुढे पुढे मीही हात अगदी स्थिर धरायला लागले, आईला ऐकू यावं म्हणून.