हवालदारांचा नकार

हवालदार रामटेके माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी त्याच्या जोड्यांच्या टाचा बघत. पोलिसांच्या श्वानपथकात नोकरी करून ते शहापूरला परतले होते. कोणतं कुत्रं घ्यावं हे विचारायला भंडाऱ्याहून, जवाहरनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरांतून लोक त्यांच्याकडे येत. कोणाला हस्की हवा असे, कोणाला डोबरमन. हवालदार चहा पाजत आणि म्हणत, "उद्यापासून आठ दिवस सकाळी माह्यासंग चाला. मंग सांगतो." बहुतेक जण तिसऱ्या दिवशी यायचे बंद होत.

"यायले कुत्रं नाही पायजे, मास्तर," ते मला सांगत. "कुत्र्यासंग फोटो पायजे."

मी गावातल्या शाळेत शिक्षक. त्यांच्या राणी नावाच्या कारवान कुत्रीला पिल्लं झाली, तेव्हा मलाही मोह झाला. लांब पायांची, सडपातळ, वाऱ्यासारखी पळणारी जात. हवालदारांनी मला सरळ उडवून लावलं. "तुमी शाळेतून येता न खाटेवर पडता. या जातीले रोज मोकळं पळाले लागते. पळाले नाही भेटलं तं डोकं फिरते तिचं." आणि त्यांनी रस्त्यावरचं एक म्हातारं, आळशी कुत्रं माझ्या अंगणात आणून सोडलं. आमचं दोघांचं उत्तम जमलं.

त्या पिल्लांतली मैना त्यांची सगळ्यांत लाडकी. ती मागायला गुणवंत आला. गुणवंत माझा लहानपणी एका वर्गातला सोबती. हायवेवर त्याचं लग्नाचं लॉन होतं. तो आठही दिवस चालला, पण नवेकोरे बूट घालून. हवालदारांचं मन होईना. "हा पायाच्या सवयीनं नाही चालत, मास्तर. मले दाखवाले चालून राह्यला."

"काका, माझा शब्द आहे," मी म्हणालो. "तो सांभाळेल."

माझ्या शब्दावर मैना गेली.

गुणवंतानं तिला लॉनच्या फाटकाशी लोखंडी पिंजऱ्यात ठेवलं. पाहुणे तिथे थांबून फोटो काढत. हवालदार दोनदा सांगायला गेले. दोन्ही वेळा तो म्हणाला, "उद्यापासून फिरवतो, काका." मैना दिवसभर त्या पिंजऱ्यात गोल गोल फिरे. मग ती स्वतःचीच शेपटी चावायला लागली. एका लग्नात बँड वाजत असताना कोणीतरी पिंजऱ्याची कडी काढली आणि ती सुटली. इतक्या महिन्यांनी पळायला मिळालं होतं. ती सरळ हायवेवर गेली. ट्रकखाली आली.

हवालदारांनी तिला दोन्ही हातांवर उचललं. मी बाजूला होतो. गुणवंत फाटकाशी उभा होता. तो हसून म्हणाला, "कुत्रंच तं होतं, काका. दुसरं आणून देतो ना!"

हवालदार तिला तसंच घरी घेऊन आले. परसातल्या बोरीखाली त्यांनी तिला पुरलं. वर्ष गेलं. एकदा मी म्हणालो, "बरं झालं, विसरलात."

"विसरलो?" ते म्हणाले. "मी वास घेऊन राह्यलो, मास्तर."

पुढे गुणवंत सरपंचपदाला उभा राहिला. हवालदार मैनेचा पट्टा हातात घेऊन रोज सकाळी एकेक मोहल्ला पायी फिरू लागले. कोणाला मत द्या, असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. दारात उभे राहत आणि एवढंच सांगत, "पळणारा जीव यानं पिंजऱ्यात कोंडला. तो मेला तवा हा हासला. तुमाले मालूम असावं म्हून आलो." बायका पट्टा हातात घेऊन बघत. मीही त्यांच्याबरोबर हिंडलो. मला माझ्या शब्दाचा हिशेब चुकवायचा होता, आणि खरं सांगायचं तर त्या फिरण्यात मला गोडी वाटत होती.

गुणवंत थोडक्या मतांनी पडला. निकालाच्या संध्याकाळी हवालदारांनी जिंकलेल्याच्या मिरवणुकीतला मूठभर गुलाल आणून बोरीखाली टाकला. पुढच्या आठवड्यात गुणवंत त्यांच्या दारी आला. "काका, चुकलं माहं."

"चुकला असता तं माफ केलं असतं," हवालदार म्हणाले. "तू हासला होता." आणि दार लावलं.

इथवर मी पूर्णपणे हवालदारांच्या बाजूचा होतो.

गुणवंताची मुलगी तेजू पोलीस भरतीची तयारी करत होती. थंडी असो, चिखल असो, गावच्या तलावाच्या पाळीवर, त्या बांधावरून रोज धावायची. राणीच्या शेवटच्या पिल्लाला, तुफानला, हवालदार तिथेच मोकळं सोडत. तुफान तेजूच्या मागे धावू लागला. महिनाभर दोघं जोडीनं धावत होती. शेवटी तिनं विचारलं, "आजोबा, मले द्याल का याले?"

हवालदारांनी तिच्या बुटांकडे पाहिलं. तळ झिजून गुळगुळीत झाला होता. त्यांनी तुफानला जवळ ओढलं. मग म्हणाले, "पाय चांगले आहेत तुह्ये, बाई. घर चांगलं नाही."

पोरीचा चेहरा पडला. परतताना मी चिडलो. "काका, तिनं काय केलं?"

"काईच नाही केलं."

"मग काहून?"

"गुणवंताले घरी बसून पोरगी रडतानी पाहू दे," ते म्हणाले. त्यांचा आवाज थंड होता. मला त्या दिवशी त्यांची भीती वाटली.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. भंडाऱ्याच्या दवाखान्यात त्यांनी माझं मनगट धरलं. "तुफान तुमच्याकडं राहील, मास्तर. गुणवंताच्या उंबऱ्यावर नाही. शब्द द्या." मी दिला. यावेळी मोडणार नव्हतो.

आता तुफान माझ्या अंगणात आहे. माझे गुडघे मला गल्लीच्या कोपऱ्यापर्यंतच नेतात. तो भिंतीवर पुढचे पाय टेकून उभा राहतो आणि सकाळी तेजू रस्त्यावरून गेली की घसा फुटेस्तोवर ओरडतो. काल ती फाटकाशी थांबली.

"सर, घरी नाही नेत. पाळीवर एक चक्कर मारून आणून देतो."

माझा हात कडीवर होता. तिच्या नाकाची ठेवण हुबेहूब गुणवंताची आहे.

"नाही," मी म्हणालो.