गाडी किती उचलायची

माझा धाकटा भाऊ चौतीस वर्षं जमीन मोजणीच्या खात्यात होता. निवृत्त झाला, तरी खिशातली टेप सुटली नाही. कपाट घ्यायचं तर आधी दार मोजणार, मग जिना, मग हमालाचे खांदे. लोक त्याला पाठीमागे ‘टेप’ म्हणतात. मी तोंडावर म्हणते.

गेल्या वर्षी त्याच्या बायकोची मूत्रपिंडं निकामी झाली. तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिला टेकडीवरच्या घरातून खाली दवाखान्यात न्यायचं, चार तास मशीनला लावायचं, परत आणायचं. ती आजारी आणि वाळत चालला हा. “खाली माझ्याकडे राहा,” असं मी म्हणून पाहिलं. पण माझं घर तिसऱ्या मजल्यावर आणि तिचे गुडघे केव्हाच कामातून गेलेले. विषय तिथंच मिटला.

वाटेत ओढा आहे, पूल नाही. एका शुक्रवारी त्यातल्या दगडांवर जीप पोटाशी टेकली, ती दोन तास हलली नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत मशीन दुसऱ्याला दिलेलं. शनिवारी नंबर लागेपर्यंत भावजयीला धाप लागली होती.

मग धाकटा मला घेऊन गॅरेजात गेला. गाड्यांतलं मला ओ की ठो कळत नाही, पण मी भांडते बरी.

मिस्त्री माणूस सरळ निघाला. “साहेब, स्प्रिंगा उंच केल्या की नुसती बॉडी वर जाते. मागच्या चाकांमधला हा लोखंडी गोळा जिथल्या तिथं राहतो, आणि दगड लागतो तो ह्यालाच. गोळा वर न्यायचा तर टायर मोठे हवेत. आणि मोठे टायर बसायचे तर बॉडी उचलायला हवी, नाहीतर वळताना मडगार्डला घासतील. म्हणून दोन्ही करायचं, पण बेतानं. बॉडी दोन इंच, टायर एक नंबर मोठे.”

धाकट्यानं वही काढली. पठ्ठ्या ओढ्यातला एकेक दगड मोजून आला होता! “मधला दगड तेवढ्यात निघत नाही. चार इंच उचला. टायर त्या हिशेबानं.”

“अरे, रणगाडा करतोयस का?” मी म्हटलं.

“ताई, मला पुन्हा तिथं अडकायचं नाही गं.”

आवाज इतका दमलेला, की मीच मिस्त्रीला ‘करा’ म्हटलं. भांडायला नेलेली बाई ऐन वेळी फितूर. चूकच झाली.

मंगळवारी सकाळी उंचावलेली जीप त्यांच्या दारात उभी. मी त्या आठवड्यात वर त्यांच्याकडेच मुक्कामाला होते. भावजय काठी टेकत आली, दार उघडलं, पाय उचलला. तो पायदानाच्या पाच-सहा बोटं खालीच राहिला. पुन्हा उचलला. मग काठी गाडीला टेकवून ती नवऱ्याकडे वळली.

“अहो, दगड मोजलेत ते ठीक. माझा पाय मोजलात का?”

त्यानं स्टूल आणलं, ते डुगडुगलं. तिला उचलायला वाकला, तर ह्याच्याच कमरेत कळ.

“सोडा! मी काय सिमेंटचं पोतं आहे? वन्सं, सांगा ना ह्यांना.”

वन्सं काय सांगणार, कपाळ! शेजाऱ्याला हाक मारून आम्ही तिघांनी तिला कशीबशी आत बसवली. ओढा कधी पार झाला ते कळलंही नाही.

बुधवारी त्यानं तिला भिंतीशी उभं केलं. “दुखणार नाही इतकाच उचल.” तिनं उचलला, त्यानं पेन्सिलीची रेघ मारली. केवढीशी उंची ती! वाकून टेप लावली आणि तिथंच जमिनीवर बसून राहिला.

“उठा आता,” ती म्हणाली, “मला नाही तुम्हाला उठवता येणार.”

मिस्त्रीनं ‘मी म्हणत नव्हतो का?’ असं म्हणायचं टाळलं, हे त्याचं मोठेपण. बॉडी दोन इंचांवर आली, टायर बदलले, दाराशी धरायला दांडा बसला. पायदान पेन्सिलीच्या रेघेपेक्षा बोटभर वर. तेवढं ती दांड्याला धरून निभावते. मधला दगड मात्र पुन्हा लागणारच होता. त्यावर मिस्त्री म्हणाला, “माणसं उतरवा आणि एक चाक त्या दगडावरूनच काढा, गाडी थोडी कलेल. चाक वर चढलं की गोळाही वर येतो.”

शुक्रवारी ओढ्याशी धाकट्यानं गाडी थांबवली. भावजय उतरली. कडेच्या सपाट दगडांवरून काठी टेकत, माझा हात धरत वीस पावलं चालली. त्यानं रिकामी जीप एक चाक दगडावर चढवून काढली. खाली काही लागलं नाही. पाणी वाढलं म्हणजे काय करणार, ते मला विचारू नका. आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही.

पलीकडे ती दांडा धरून वर चढली. एका दमात नाही, दोन दमांत. पण स्वतः चढली.

“दमलीस?” त्यानं विचारलं.

“हो. तुम्ही?”

“हो.”

“मग चला आता. मशीन दुसऱ्याला देतील.”