लेकरं ठिवून घेनारी बायबलमाय

आमच्या वस्तीतला नाताळ होळीच्या मागून यायचा. डिसेंबरात वस्तीत नाताळ करायला मानूसच नसायचं, समदे ऊसतोडीला गेल्याले, कोनी सांगलीकडं, कोनी कोल्हापूरकडं. बायबलमाय म्हनायची, "येशूबाबा काय घाईत न्हाई. मानसं आली की करू त्येचा वाढदिस." आमचे पाद्री, पाळकसाहेब, वसमतहून येऊन तिला समजवायचे, की माय, नाताळाला तारीख असती, जगात समदीकडं एकाच दिशी असतो. ती म्हनायची, "असंल साहेब. जगाला ऊस तोडायचा नसंल." मंग चैताच्या उन्हात, पत्र्याखाली घामानं निथळत, कागदाचा तारा लावून आमी नाताळ करायचो.

मी लगीन होऊन ह्या वस्तीत आले तवा सातवीत शाळा सुटल्याली, काईच कळत न्हवतं. माहेर सेनगावकडं, तिकडं आमचे देव येगळे. सासू म्हनली, आईतवारी आमी पत्र्यात प्रार्थनेला जातो, तुलाबी यावं लागंल. मी भ्याले, वाटलं आता हे मला काय करत्यात की. पदर दातात धरून कोपऱ्यात बसले. तर ही म्हातारी, निळं लुगडं, हातात काळं बायबल, बराबर माज्यापाशी आली आन् म्हनली, "जेवलीस का?" मी न्हाई म्हनून मान हालवली. तिनं भाकर आनून हातावर ठिवली. "आदी प्वाट, मंग पाठ," म्हनली. तेच तिचं व्हतं. देव सांगायच्या आदी भाकर इचारायची.

सासूनं मंग मला समदं सांगितलं. मायचा नवरा सायकलवर गावोगाव सुवार्ता सांगत फिरायचा. तवा प्रार्थनेला लिंबाखाली तीन घरंच बसायची. त्यो वारला, लोकं म्हनले आता ही जाईल वसमतला, भावाकडं. त्याच साली ऊसतोडीचा ट्रक आला आन् एक बारकी पोरगी ट्रकाची फळी धरून रडून राहिली व्हती, चढंना बी आन् सोडंना बी. मायनं तिला खाली घेतलं. आईला म्हनली, "हिला ठिव माज्यापाशी. पाडव्याला घिऊन जा." ती पोरगी पाडव्याला जाड होऊन, केस इंचरून आईला भेटली. दुसऱ्या साली चार-पाच घरांनी लेकरं ठिवली. जी घरं लेकरं ठिवायची ती परत आली की आईतवारी येऊन बसायची, कुनी बलवलं न्हाई तरी. अशी आमची मंडळी वाढली. मंग पत्रे आले, मंग मागं चूल आली. गावात कोनी म्हनलं, म्हातारी लोकं बाटवून राहिली, तर माय म्हनली, "मी कुनाला बाटवलं न्हाई बाबा. मी नाकं पुसली."

ट्रक गेला की लेकरं रडायची, तर माय त्यांना गप करायची न्हाई. गोनपाट हातरून समद्यांना बसवायची आन् आपन चुलीपाशी बसायची. एखादं पोरगं भिताडाला डोकं आपटायचं तर मदी उशी धरायची, बाकी काई न्हाई. बऱ्याच येळानं इचारायची, "झालं का रडून? ज्येचं झालं त्येनं हात धुवावे." मी म्हनले, माय, तुमी समजूत काहून काढत न्हाई? ती म्हनली, "आई गेल्याव रडू नको म्हनलं तर लेकराला वाटतं, आई जानं बराबरच हाय. बराबर न्हाई ते."

शेजारी धनगराचा तात्या ऱ्हायचा, शेळ्या-मेंढ्यांवाला, इरोबाचा भगत. त्यो सकाळी तांब्याभर दूध आनायचा आन् रोज टोमना मारायचा. "काय माय, तुमच्या येशूला माज्याच शेळीचं दूध लागतं व्हय?" ती म्हनायची, "त्येला न्हाई लागत तात्या. वत निमूट. तुजा इरोबा काय मोजून राहिला का?" तात्या हासायचा आन् वतायचा. एकदा दूध आनायला उशीर झाला तर मायनं त्येच्या नातवाला लेकरांच्या वळीत बसवून भात वाढला, म्हनली, ह्याला दुधाचा जामीन ठिवलाया.

आता माजं सांगते. माजं पैलं पोरगं आंगावरचं व्हतं म्हनून संगं नेलं, ते फडातच गेलं. फड म्हंजी जिथं ऊस तोडत्यात ते रान. झोळी बांदून निजवलं व्हतं, थंडी लई, ताप आला, मुकादम म्हनला दुपारी गाडी जाईल तवा पाठवू. दुपारी गाडी गेली, पन त्येच्या आदी पोरगं गेलं. परत आले तवा मला बोलता येत न्हवतं. माय काई बायबल वाचायला आली न्हाई. येऊन माज्या केसात तेल घातलं आन् गेली. दुसऱ्या दिशी बी आली, तेल घातलं, गेली.

मंग पोरगी झाली. दिवाळी झाली, ट्रकाची येळ आली, आन् मी लेकराला कुशीतून खाली ठिवंना. कोयता म्हंजी नवरा-बायकूची जोडी, एकट्या गड्याला मुकादम घेत न्हाई. माय आमच्या घरी येऊन सासूला म्हनली, "हिचं लेकरू माज्यापाशी राहील."

सासू म्हनली, "आंगावरचं लेकरू हाय. तुमी काय पाजनार?"

"मंग हिलाबी ठिवा."

"आन् माज्या लेकासंगं कोयता कोन धरंल?"

"तू धर की. लेकाच्या लग्नात दिसभर नाचलीस, तवा गुडघे दुखले न्हाईत तुजे."

सासू रागानं लाल झाली, पन गेली. दोन साल सासू गेली आन् मी मायपाशी ऱ्हायले. आयुष्यात तेवढीच दोन साल मी भ्याले न्हाई. सकाळी लेकरांच्या येण्या घालायच्या, भात टाकायचा, माय गानं म्हनायची आन् लेकरं टाळ्या चुकवायची.

दुसऱ्या साली हिवाळ्यात तिला खोकला लागला. मी म्हनले, माय, फाट्यावरून जीप मिळंल, कळमनुरीला दवाखान्यात जाऊ. ती म्हनली, "आन् ही लेकरं कुटं ठिवू? लोकांची लेकरं हायत, रानातल्या मेंढ्या न्हाईत." तात्यानं जीप आनून दारात उभी केली तरी चढली न्हाई. दोन दिसानं दुपारी, लेकरं जेवून राहिली व्हती, माय भिताडाला टेकून बसल्याली, मला म्हनली, "त्या कडंच्याला भात कमी पडला बघ." मी वाढून मागं वळले तर झालं व्हतं.

वस्तीत गडी मानूस न्हाई. मी लेकरू काखंत घिऊन नुसती उभी. तात्यानं आन् त्येच्या पोरांनी खड्डा खनला, खांदा दिला. तात्या म्हनला, आता तुमचं काय असतं ते म्हना. मला काई येत न्हवतं. लेकरांनीच गानं म्हनलं, टाळ्या वाजवून, कारन त्यांना ते टाळ्याशिवाय येत न्हवतं.

पाळकसाहेबांनी फाट्यावरून फोन लावले, मुकादमांना निरोप धाडले. मंग दोन-दोन, तीन-तीन आईबाप यायला लागले आन् आपापलं लेकरू घिऊन जायला लागले. मी म्हनत व्हते, मी सांभाळते, मला समदं ठावं हाय, मी केलंया मायसंगं. एक बाई म्हनली, "तू सवताच घाबरून राहिलीस पोरी. तुजं तुला हुईना." खोटं न्हवतं बोलली. शेवटचं पोरगं गेलं त्या दिशी मी गोनपाटं झटकली आन् बसले, कशाला झटकली ते बी कळंना.

लेकरं गेली तशी मानसं गेली. कोनी फडावरून थेट पुन्याला गेलं, कोनी हितंच हाय पन येत न्हाई. म्हनत्यात, आमी मायसाठी येत व्हतो, देवाचं आमाला काय कळतंय. पाळकसाहेब पैले महिन्याला यायचे, आता पावसाळा गेला तरी आले न्हाईत. पत्र्याला कुलूप हाय. आईतवारी मी पायरीवर बसून मला येतंय तेवढं म्हनते. कदी तात्या येऊन बसतो, शेळ्या चरत असल्या तर.

सासूचे गुडघे आता खरंच गेले. तिला उठून पानी घेता येत न्हाई, ती काय पोरगी सांभाळंल. उद्या सकाळी ट्रक येनार हाय, आन् कोयत्याला मलाच जायचं हाय. मी लेकराच्या बापाला म्हनले, हिला फडात न्यायचं मला भ्याव वाटतंय. ते म्हनले, "फडात समद्यांचीच लेकरं असत्यात." मंग भाईर जाऊन उभे ऱ्हायले.

फडात उसाची गाडी मागं सरकती तवा डायवरला पाचटात निजल्यालं लेकरू दिसत न्हाई. म्हनून मी लाल लुगड्याचं फडकं फाडून काठीला बांदलंया. जिथं हिला निजवीन तिथं काठी रोवायची. पोरगी काठी धरून घरभर नाचून राहिली. म्हनली, "आई, ही कशाला?"

म्हनले, डायवरला दिसावं म्हनून.

"काय दिसावं?"

मी गाठ परत सोडली आन् अजून घट बांदली.