येगोरोव्नाचा लसूण

सप्टेंबर संपत आला की शहराबाहेरच्या आमच्या भाजीच्या बागांमध्ये कुणी ताठ उभं दिसत नाही. सगळे कमरेत वाकलेले, आणि उठताना एक हात पाठीवर. एक ऑक्टोबरला रखवालदार नळाचं पाणी तोडतो, मग तळ्यावरून बादल्या आणा. त्याच्या आत बटाटे, बीट, गाजरं तळघरात गेली पाहिजेत, पिंपं पालथी घातली पाहिजेत, टोमॅटोचे वाळके वेल उपटले पाहिजेत. सगळ्यात शेवटी लसूण लावायचा. तो हिवाळाभर बर्फाखाली झोपतो आणि जुलैत निघतो. म्हणजे आज लसूण लावणाऱ्यानं पुढच्या जुलैत येण्याचं कबूल केलेलं असतं. कुंपणावरून नजर टाकली की कळतं, कोण येणार आणि कुणी आशा सोडली.

यंदा कापितोलिना येगोरोव्नाचा लसणाचा वाफा रिकामा होता.

ती एकतीस वर्षांपासून माझी शेजारीण. चौतीस वर्षं तागाच्या गिरणीत सूत कातलं, यंत्रांनी तिचे कान खाल्ले, त्यामुळे साधं 'आज ऊन आहे' म्हणाली तरी तळ्यापलीकडची बदकं उडतात. मी जन्मभर बस चालवली, आरडाओरडा कामावर पुष्कळ ऐकला, बागेत नको होता. पण मिळाला. तिच्या रासबेरीचे कोंब माझ्या कुंपणाखालून घुसायचे आणि माझ्या सफरचंदाची सावली तिच्या टोमॅटोवर पडायची. तिचा नवरा स्तेपान होता तोवर दोघांच्या मध्ये उभा राहून हसायचा. तो अकरा वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून आमचं भांडण सोडवायलाही कुणी उरलं नाही.

आता ती शहात्तर वर्षांची आहे, आणि यंदा गुडघ्यानं दगा दिला. पालथ्या बादलीवर बसायची, हाताला येतील तेवढी तीन बीट उपटायची, श्वास घ्यायची, मग उठून बादली दोन पावलं पुढे सरकवायची. एक ओळ संपायला सकाळ जायची. मी इकडे माझी गाजरं वाळूत रचत बघत होतो. मदत करू का, असं एकदा विचारलं. "तुझी स्वतःची पाठ आधी बघ, फोमिच," ती म्हणाली. "वाकलास की अशी कुरकुरते, रखवालदाराला वाटतं फाटक उघडलं." तिचं खोटं नव्हतं. मीही थकलोय. बागेतलं प्रत्येक काम आता दोनदा करावं लागतं, एकदा मनात आणि एकदा हातानं, आणि मनातलंच जास्त दमवतं.

शनिवारी तिची लेक लारिसा यारोस्लाव्हल शहरातून यायची, खोकी भरायची आणि तेच तेच बोलायची. "आई, पुरे झालं आता. बाजारात सगळं मिळतं. कुणासाठी मरतेस?" शेवटी येगोरोव्नानं हात टेकले. हिवाळ्यात लेकीकडे जायचं आणि वसंतात जागा विकायची, असं ठरलं. हे तिनं मला कुंपणावरून सांगितलं, पावसाची बातमी सांगावी तसं. मी बरं म्हणालो आणि आत जाऊन बसलो. खरं सांगतो, मला भीती वाटली. शहरातलं कुणी येईल, वाफे बुजवून हिरवळ लावेल, रविवारी मांस भाजेल आणि गाणी लावेल. आणि भांडायला माणूस उरणार नाही.

गुरुवारी ती स्वतःच फाटकातून माझ्याकडे आली. हातात जुना नायलॉनचा पायमोजा, त्यात लसूण. जांभळ्या रेघांचा, एकेका गड्ड्यात पाचच पाकळ्या, पण पाकळी अंगठ्याएवढी. हा लसूण मला ठाऊक होता. सगळ्या बागांना ठाऊक होता.

"घे," ती म्हणाली. "सासूनं दिलेला. उभ्या जन्मात त्या बाईनं मला दिलेली ही एकच वस्तू. तीसुद्धा आभार मानायची सोय नव्हती म्हणून दिली असेल."

आमच्याकडे रोप, बी, लसूण दिला तर घेणाऱ्यानं आभार मानायचे नसतात. मानले तर ते जमिनीत कुजतं. पाच वर्षांच्या पोरालाही हे माहीत असतं. मान हलवायची, घ्यायचं आणि चालू पडायचं.

"तू लाव," ती म्हणाली. "पाकळी बोटभर खोल, बूड खाली. तुझा भरवसा नाही म्हणून सांगते. अडतीस वर्षं एकदाही चुकलेला नाही, माझ्यामागे तरी जगू दे."

पायमोजा माझ्या हातात आला. जड होता. मी तिच्या गुडघ्याकडे पाहिलं, कुंपणापलीकडच्या रिकाम्या वाफ्याकडे पाहिलं आणि म्हणालो, "तुझे फार आभार, येगोरोव्ना."

तिला नीट ऐकू गेलं नाही. "काय?"

"आभार म्हणालो. मनापासून आभार." या वेळी मी बसथांब्यावरच्या आवाजात म्हणालो. पलीकडच्या गल्लीत कुदळ चालवणारी दोघं थांबली.

तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "अक्कल गहाण ठेवलीस का रे? साठ वर्षं माती उकरतोस आणि हे ठाऊक नाही?"

"तोंडातून निघून गेलं."

"तुझ्या तोंडातून बस थांबल्याशिवाय कधी काही निघालं नाही. मुद्दाम केलंस."

"असेल. पण आता माझ्याकडे हा उगवायचा नाही," मी म्हणालो. "तुझा तूच लाव."

तिनं पायमोजा हिसकावला आणि लंगडत निघून गेली. जाताना माझा बापही काढला. मी फाटक लावलं आणि बराच वेळ कडीवर हात ठेवून उभा राहिलो. आपण थकलेल्या म्हाताऱ्या बाईवर आणखी एक काम लादलं, असं वाटून लाज वाटली.

तासाभरानं हाक आली. हाक कसली, गिरणीचा भोंगाच. ती बादलीवर बसली होती, मांडीवर सोललेल्या पाकळ्या. वाफ्यात चार भोकं पाडून झाली होती आणि पाचव्याला हात पोचत नव्हता.

"ये इकडे. भोकं तू पाड, लसूण मी देईन. आणि तोंड बंद ठेव."

मी मूग गिळून गुडघ्यांवर बसलो. काठीनं भोक पाडायचं, तिच्या हातातली पाकळी घ्यायची, बूड खाली धरून सोडायची, वर चिमूटभर राख. एकशे वीस पाकळ्या. मधे दोनदा आम्ही नुसतेच बसून राहिलो, कारण दोघांनाही उठवेना. उन्हं उतरली तेव्हा ती म्हणाली, "वाकड्या ओळी लावल्यास." मी काठीची माती पुसली. तोंड बंद ठेवायचं ठरलं होतं.

शनिवारी लारिसा आली. राख पसरलेला वाफा बघून थबकली.

"आई, हे काय?"

"लसूण."

"काढणार कोण?"

"जुलैत काढतात," येगोरोव्ना म्हणाली.

लारिसानं माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या सफरचंदाच्या झाडाकडे पाहिलं. लेकीनं डोळे मिटले, आठवडाभराची दमलेली तीही होतीच. "बरं," ती म्हणाली. "जुलैपर्यंत कुणाला जागा दाखवत नाही. त्यानंतर बघू." मग तिनं गाडीत भोपळे चढवले, पिकायला ठेवलेल्या हिरव्या टोमॅटोंनी भरलेले लोकरीचे बूट चढवले, आणि शेवटी आईला.

ऑक्टोबरच्या मध्यात, पोक्रोव्हच्या सणाला पहिला बर्फ पडला, पडतो तसा. जमीन टणक झाली होती. मी फर झाडाच्या फांद्या ओढत आणल्या आणि तिचा वाफा झाकला. त्यानंतर माझा झाकायला अंगात त्राण उरलं नाही, तो दुसऱ्या दिवशी झाकला. तिचा झाकला त्या संध्याकाळीच घरी येऊन चहा घेतला आणि तिला फोन लावला.

"झाकलास?" तिनं आधी हेच विचारलं.

"झाकला. दोन थर."

  तिच्यामागे लेकीच्या घरातला टीव्ही चालू होता.

"फोमिच," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच हळू म्हणाली, "तुला मी काही म्हणणार नाहीये. कळलं ना?"

"कळलं," मी म्हणालो. "म्हणूच नकोस. लसूण जमिनीत आहे."